मुनिरक्यातला शक्तिमान

दिल्ली पोस्टिंगला मुनिरक्यात भाड्याने राहत होतो. एका संध्याकाळी आउटर रिंग रोडवर बंद पडलेला ट्रक ओढायला जुनाट क्रेन आली. निळा-पिवळा रंग, मागे हौद्याच्या जागी लोखंडी बूम. बॉनेट मात्र ओळखीचं वाटलं.

नुसत्या बॉनेटवर जाऊ नये. जुन्या टाटा-मर्सिडीजलाही ते होतं. वाकून पाहिलं. पुढच्या अ‍ॅक्सललाही डिफरेन्शियलचा गोळा! म्हणजे चारही चाकांना जोर. हा आपला शक्तिमान.

1958 मध्ये जर्मनीच्या मान कंपनीशी करार झाला आणि 1959 पासून जबलपूरच्या गन कॅरेज फॅक्टरीत शक्तिमान बनू लागला. 1969 मध्ये जबलपूरलाच व्हेइकल फॅक्टरी उभी राहिली. 1996 मध्ये उत्पादन थांबलं.

कंडेम गाडी लिलावात जाते. घेणारा बॉडी बदलतो, कधी इंजिनही. बाणाची नंबरप्लेट तर आधीच उतरते. त्या बाणापुढचे दोन आकडे म्हणजे गाडी फौजेत आल्याचं साल. ते गेले की तिची सगळी सर्व्हिस पुसली जाते. पुढचा अ‍ॅक्सल तेवढा साक्षीला उरतो.

ड्रायव्हरला म्हटलं, "भाई, ये फौजी गाडी है."

"तभी तो खींचती है, साहब."

तुमच्या गावी अशी क्रेन दिसली, तर पुढच्या चाकांमध्ये जरूर वाकून बघा. जय हिंद!