ठाण्याचे फादर जोर्दान: मागे राहिलेला सोबती

ज्युबिलीच्या वर्षी देऊळ केव्हा उभे राहिले, घंटा कोणी दिली, व्हिगार कोण कोण होऊन गेले, याची उजळणी करण्याचा प्रघात आहे व तो योग्यच आहे. परंतु ठाणे-कल्याणच्या ख्रिस्ती जनांस पोर्तुगीजांच्या आगमनापलीकडेही पूर्वज आहेत, ही गोष्ट आमच्यापैकी पुष्कळांच्या ध्यानी नसते. पोर्तुगीजांनी वसईस पाय रोवण्यापूर्वी दोनशे वर्षे, इसवी सन १३२१ च्या एप्रिल महिन्यात, ठाण्यात चार संन्याशांनी ख्रिस्तासाठी आपले रक्त सांडले. त्या चौघांची नावे निदान कधीमधी तरी आमच्या कानी पडतात. ज्याने त्यांच्या देहांस माती दिली आणि त्यांच्या मागे एकटा राहून येथली सेवा चालविली, त्या फादर जोर्दान यांचे नाव मात्र सहसा कोणी घेत नाही. आज त्यांचीच आठवण करावी, असे आम्हांस वाटते.

फादर जोर्दान हे फ्रान्स देशातील सेवेराकचे, डोमिनिकन संघाचे. त्यांचे सोबती सर्व फ्रान्सिस्कन: तोलेंतिनोचे वृद्ध फादर थॉमस, पादुआचे जेम्स, सिएनाचे पीटर, आणि तिफ्लिसचे देमेत्रियुस, जे अनेक भाषा जाणणारे साधे ब्रदर होते. त्या काळी या दोन संघांत चढाओढ कमी नव्हती. तरी ही मंडळी एका गलबतात बसली व एका ताटात जेवली, हे आम्हांस विशेष वाटते. होर्मुझहून ते निघाले ते कोल्लमला जाण्यासाठी, परंतु गलबत त्यांच्या मनाविरुद्ध ठाण्यास येऊन लागले.

ठाण्यात त्यांस आसरा मिळाला तो ख्रिस्ती घरीच. त्या वेळी गावात पूर्वेकडील विधी पाळणाऱ्या ख्रिस्ती लोकांची पंधरा घरे होती. या किनाऱ्यावर ख्रिस्ती वस्ती त्याहूनही जुनी आहे. सहाव्या शतकातील कोस्मास नावाच्या व्यापाऱ्याने 'कल्लियाना' येथे इराणातून नेमलेला बिशप असल्याचे लिहिले आहे, व हे गाव म्हणजे आपले कल्याणच, असे अनेक अभ्यासक मानतात. (१९८८ साली कल्याणास सिरो-मलबार विधीच्या भाविकांसाठी धर्मप्रांत स्थापन झाला, तेव्हा कित्येकांस ती अगदी नवी गोष्ट वाटली!)

पुढे भडोच येथे नावापुरते ख्रिस्ती असलेले लोक आहेत, त्यांस धर्माचे ज्ञान नाही, असे कळल्यावरून फादर जोर्दान यांनी तिकडे जाण्याचे ठरविले आणि ते सोबत्यांचा निरोप घेऊन निघाले. त्यांच्या पाठीमागे ठाण्यात अनर्थ झाला. यजमानाच्या घरी नवराबायकोचे भांडण होऊन नवऱ्याने हात उगारला; बायकोने काझीकडे दाद मागितली व घरात उतरलेल्या परदेशी साधूंची साक्ष सांगितली. साक्ष राहिली बाजूला आणि धर्माचा वाद उभा राहिला. ९ एप्रिल रोजी थॉमस, जेम्स व देमेत्रियुस यांचा वध झाला. सामानाची राखण करीत घरी थांबलेल्या पीटर यांस ११ एप्रिल रोजी मारण्यात आले. शहराच्या अधिकाऱ्यास या कृत्याबद्दल दिल्लीच्या सुलतानाने देहदंड दिला, असे ओदोरिक या फ्रान्सिस्कन प्रवाशाने लिहून ठेवले आहे.

वार्ता कानी येताच फादर जोर्दान परतले. जीव वाचवून दूर निघून जाण्यास त्यांस कोणाचीच आडकाठी नव्हती. परंतु त्यांनी जेनोवाच्या एका तरुणाच्या साहाय्याने ते देह सोपाऱ्यास नेले व तेथे पुरले. काही काळाने ओदोरिक ठाण्यास आले, व त्यांनी त्या अस्थी उचलून चीन देशातील झैतून बंदरापर्यंत नेल्या. फादर थॉमस यांस १८९४ साली पोप तेरावे लिओ यांनी धन्य म्हणून मान्यता दिली.

फादर जोर्दान यांस स्वतःच्या वाचण्याचे मोठे दुःख होते. ज्या घडीस आपण सोबत्यांपासून वेगळे झालो त्या घडीस त्यांनी आपल्या पत्रात बोल लावला आहे, व त्यापेक्षा धरणीने आपणांस गिळले असते तर बरे, असे म्हटले आहे. आम्हांस तसे वाटत नाही. तेही त्या दिवशी ठाण्यात असते, तर रक्तसाक्षी चारांचे पाच झाले असते. परंतु त्या पंधरा घरांस धीर देण्यास कोण उरले असते? त्यांनी भडोचात सुमारे नव्वद जणांस स्नानसंस्कार दिला, पुढे आणखी विसांहून अधिकांस, आणि ठाणे व सोपारे यांच्या दरम्यान पस्तीस जणांस. आकडे लहान आहेत खरे. पण समुद्रावरील चाच्यांनी पकडलेला, बंदीत पडलेला, आपल्या संघाचा झगाही अंगावर न उरलेला, नुसत्या सदऱ्यावर हिंडणारा आणि दुखण्याने पिडलेला एकटा मनुष्य हे करीत होता.

एवढे सोसूनही त्यांच्या मनात या देशाविषयी कडवटपणा आला नाही. त्यांनी पुढे लॅटिन भाषेत 'मिराबिलिया' नावाचे जे पुस्तक लिहिले, त्यात येथील लोकांचा खाण्यापिण्यातील स्वच्छपणा, खरे बोलणे व न्यायबुद्धी यांची त्यांनी वाखाणणी केली आहे. फणसाचे तर त्यांस फार कौतुक. एक फळ पाच माणसांस पुरते, असे ते सांगतात. आंब्याच्या गोडीपुढे त्यांचे शब्दच खुंटले. ज्या गावाने सोबती हिरावून घेतले त्याच मुलुखाच्या आंब्याचे गुण मोकळ्या मनाने गाणारा हा संन्यासी आम्हांस फार जवळचा वाटतो.

१३२९ साली पोप बाविसावे जॉन यांनी त्यांस कोल्लमचे बिशप नेमले. परंतु मान मिळण्यापूर्वीचे जोर्दान आम्हांस अधिक प्रिय आहेत. त्यांची दोन पत्रे उपलब्ध आहेत, ती इराणकडील आपल्या बांधवांस लिहिलेली. पहिले ऑक्टोबर १३२१ चे. त्यात सोपारे, भडोच व कोल्लम येथे संन्याशांनी यावे, तेथे पीक तयार आहे, अशी विनवणी आहे. दुसरे पत्र त्यांनी आमच्या ठाण्यातूनच धाडले. तोवर अडीच वर्षांहून अधिक काळ ते एकटे होते. पत्राच्या अखेरीस त्यांनी गावाचे नाव लिहिले, आपल्या सोबत्यांचे रक्त सांडले ते हेच गाव असे सांगितले, आणि तारीख घातली ती संत फाबियान व संत सेबेस्त्यांव यांच्या सणाची, २० जानेवारीची.