बेसूर कोण: तंबोरा, पेटी की नादकाटा?

सातारा जिल्ह्यातील एका शाळेच्या स्नेहसंमेलनाला पाहुणा म्हणून गेलो होतो. कार्यक्रमाला अर्धा तास उरला असताना रंगमंचामागे गोंधळ चालला होता. अकरावीतला एक मुलगा 'पांढरी एक'मध्ये गाणार होता. साथीला पेटी आणि जुना, बटण फिरवून सूर लावायचा इलेक्ट्रॉनिक तंबोरा. दोन्ही जुळवले तरी दहा मिनिटांत पुन्हा फाटत होते. मुलगा रडवेला झाला होता. "तुम्ही शास्त्रज्ञ, तुम्हीच बघा," असे म्हटल्यावर मी ऐटीत प्रयोगशाळेतून २५६चा नादकाटा मागवला.

काटा वाजवून तंबोऱ्याशी ताडून पाहिला. दर सेकंदाला पाच-सहा विस्पंद! मी निकाल दिला: तंबोरा बिघडला आहे. बटण फिरवून तो काट्याशी जुळवला, तर आता पेटीच बेसूर वाटू लागली. वयस्कर पेटीवादक शांतपणे म्हणाले, "साहेब, आधी काट्याला विचारा, तुझी पट्टी कोणती?"

त्यांचे म्हणणे बरोबर होते. शाळेतले नादकाटे पदार्थविज्ञानाच्या सोयीसाठी २५६ या संख्येवर बेतलेले असतात, कारण २५६ म्हणजे दोनाचा आठवा घात. संगीतात मात्र १९३९ साली लंडनला झालेल्या परिषदेपासून धैवताच्या जागेवरचा 'ए' हा स्वर ४४० धरतात आणि त्या हिशेबाने मधली पांढरी एक सुमारे २६१.६ येते. फरक साडेपाचांहून थोडा जास्त. माझे विस्पंद तेवढेच होते. काटाही खरा, पेटीही खरी. मी ज्याला बिघाड म्हटले तो दोन मापांमधला फरक होता.

परत येताना मला कृष्णाजी बल्लाळ देवल आठवले. सांगलीचे हे निवृत्त डेप्युटी कलेक्टर. हिंदुस्थानी संगीतातील बावीस श्रुती नेमक्या कोणत्या, हे मोजून ठरवायचे या ध्यासाने त्यांना झपाटले होते. शेजारच्या मिरजेशी जवळचा संबंध असलेले अब्दुल करीम खाँ यांचा गळा त्यांना प्रमाण म्हणून लाभला. खाँसाहेबांनी स्वर लावायचा आणि देवलांनी तो तारेवर मोजायचा. १९१० साली त्यांचे श्रुतींवरचे इंग्रजी पुस्तक निघाले. अर्नेस्ट क्लेमंट्स या आयसीएस अधिकाऱ्याला हे काम पटले आणि साताऱ्यात 'फिलहार्मोनिक सोसायटी ऑफ वेस्टर्न इंडिया' उभी राहिली. लंडनच्या मूर अँड मूर कंपनीकडून श्रुतींची खास हार्मोनियम करवून घेण्यात आली.

एवढा खटाटोप कशासाठी, ते आकड्यांत पाहू. सा २४० धरला, तर सव्वापट म्हणजे ३००चा गंधार तंबोऱ्याच्या नादात अगदी मिसळून जातो. पंचमामागून पंचम घेत चढलो, तर गंधार येतो ३०३.७५. नेहमीच्या पेटीत सप्तकाचे बारा सारखे भाग पाडलेले असल्याने तिथला गंधार सुमारे ३०२.४. हे तिन्ही गंधारच! पण पहिले दोन एकत्र वाजवले, तर चार सेकंदांत पंधरा विस्पंद ऐकू येतात. ९० सेंमी लांबीची तार सा देत असेल, तर पहिला गंधार ७२ सेंमीवर आणि दुसरा ७१.१ सेंमीवर येतो. जेमतेम नऊ मिलिमीटरांचे अंतर! त्यात सरकती घोडी तारेवर थोडी जास्त दाबली गेली की ताण वाढतो, स्वर चढतो आणि मोजणाऱ्याला त्याचा पत्ता लागत नाही. सोनोमीटरवर काम केलेल्या प्रत्येक शिक्षकाला हा अनुभव असेल.

१९१६च्या मार्चमध्ये बडोद्याला सयाजीराव महाराजांच्या आश्रयाने पहिली अखिल भारतीय संगीत परिषद भरली. तिथे ही श्रुती-हार्मोनियम जाणकारांपुढे ठेवण्यात आली. परिषदेचे सूत्रधार भातखंडे यांना श्रुतींचे असे कायमचे आकडे मान्य नव्हते. जमलेल्या गायक-पंडितांचेही एकमत झाले नाही. पेटी काही मान्यता पावली नाही.

पेटीत दोष होता का? धातूच्या सुरांची पेटी भाता जोरात मारला की किंचित उतरते, हे खरे. पण मला वाटते, बडोद्यात खरा घोटाळा माझ्यासारखाच झाला. पेटी एका गायकाच्या गळ्यावरून बेतलेली आणि तिची परीक्षा दुसऱ्या घराण्यांच्या गळ्यांवर! दोघांचे पटले नाही, तर चूक कोणाची, हे सांगायला तिसरा साक्षीदार नव्हता. देवलांनी मोजले ते काळजीपूर्वकच. मात्र एका थोर गायकाचा गंधार म्हणजे सर्वांचा गंधार, हे गृहीतक त्यांनी तपासले नाही. १९६३ साली जयराजभॉय आणि स्टोन यांनी उपकरणांच्या साहाय्याने वादकांचे स्वर मोजले, तेव्हा निरनिराळ्या कलावंतांचा गंधार तर वेगळा निघालाच, पण एकाच कलावंताचाही जागा बदलताना दिसला.

आता त्या संध्याकाळकडे वळू, कारण तंबोऱ्यात खरा दोषही होता! पेटीशी जुळवल्यावरही तो सरकत होताच. अशा जुन्या यंत्रात कंपनसंख्या रोध आणि धारित्र (कपॅसिटर) यांच्या गुणाकारावर ठरते. यंत्र तापले की दोन्ही किंचित बदलतात. हजारात तीन भाग बदलले तरी २४०च्या सुरात पाऊण कंपनाचा फरक पडतो आणि पेटीशी सावकाश डुलणारा विस्पंद उमटतो. नंतरच्या यंत्रांत गारगोटीच्या (क्वार्ट्झ) स्फटिकाने ताल धरलेला असतो, त्यामुळे ही सरक कानाला जाणवत नाही. आम्ही तंबोरा वीस मिनिटे नुसता चालू ठेवला, तापून स्थिर झाल्यावर पेटीशी लावला आणि पुन्हा बंद केला नाही. मुलगा छान गायला.

नादकाटा मी खिशातच विसरलो होतो. दुसऱ्या दिवशी परत करताना ती पेटी उघडून पाहिली: २५६, २८८, ३२०, ३४१.३, ३८४... तुमच्याही शाळेत अशी असेल. ३२०ला २५६ने भागून पाहा. सव्वा येतात. देवलांचा गंधार तिथे मखमलीच्या खोबणीत पडून आहे. सा २५६ धरून पेटीच्या पद्धतीचा गंधार काढाल, तर येईल ३२२.५. ध्वनिजनक (सिग्नल जनरेटर) असेल, तर त्यावर तो लावा, शेजारी ३२०चा काटा वाजवा आणि विद्यार्थ्यांना विस्पंद मोजू द्या. दोन सेकंदांत पाच यायला हवेत.