वॉर्डातला फुकटचा डबा

ऐंशीच्या दशकात मी जिल्ह्याच्या रुग्णालयात बाळंतिणींच्या वॉर्डात परिचारिका होते. तेव्हा भिंतीवरचं कॅलेंडर दुधाची पावडर विकणाऱ्या कंपनीचं, बाळाच्या वजनाचा तक्ता कंपनीचा, डॉक्टरांच्या खिशातलं पेनही कंपनीचंच. तिचा माणूस कुणाला 'डबा घ्या' म्हणत नसे. नमुन्याचे डबे कपाटात ठेवून गोड बोलून निघून जाई.

पुढचं आपोआप व्हायचं. पहिले दोन-तीन दिवस अंगावर थोडासा चीकच असतो. नवजात बाळाला तो पुरतो, पण सासूला पटत नसे. "हिला दूधच नाही, सिस्टर, काहीतरी द्या." बाळंतिणीजवळ बसून बाळ छातीशी नीट लावून द्यायला वेळ लागतो, आणि सगळ्या वॉर्डात आम्ही दोघी. डबा मात्र क्षणात उघडतो. पोट भरलेलं बाळ ओढत नाही आणि ओढलं नाही की पान्हा वाढत नाही. फुकटचा डबा संपेपर्यंत आईचं दूध आटायला लागलेलं. मग डबा विकतचा. परवडत नाही म्हणून पावडर कमी, पाणी जास्त, तेही न उकळलेलं. जुलाबानं टाळू खोल गेलेलं पोर शेवटी आमच्याच दारात यायचं.

ही रीत जुनीच. १९३९ साली डॉ. सिसिली विल्यम्स यांनी सिंगापूरच्या रोटरी क्लबात 'मिल्क अँड मर्डर' नावाचं भाषण केलं. मलायात गोड कंडेन्स्ड मिल्क बाळांचा आहार म्हणून खपवलं जात होतं. असल्या प्रचारानं होणाऱ्या बालमृत्यूंना खूनच म्हटलं पाहिजे, असं त्या भर सभेत म्हणाल्या. पण खप थांबला नाही. १९७४ मध्ये ब्रिटनच्या 'वॉर ऑन वॉन्ट' संस्थेनं माइक मुलर यांची 'द बेबी किलर' ही पुस्तिका काढली. स्वित्झर्लंडमधल्या एका गटानं तिच्या जर्मन आवृत्तीच्या नावातच नेस्लेला खुनी ठरवलं. कंपनीनं अब्रुनुकसानीचा खटला भरला आणि १९७६ मध्ये जिंकलाही. गटाला किरकोळ दंड झाला, पण जाहिरातीची पद्धत बदला, असं न्यायाधीशांनी कंपनीलाही सुनावलं. पुढच्या वर्षी अमेरिकेत बहिष्कार सुरू झाला. २१ मे १९८१ रोजी जागतिक आरोग्य सभेनं विक्रीची आचारसंहिता ११८ विरुद्ध १ मतानं मंजूर केली. विरोधातलं ते एक मत अमेरिकेचं.

आपल्याकडे १९९१ मध्ये वर्ध्यात 'ब्रेस्टफीडिंग प्रमोशन नेटवर्क ऑफ इंडिया' ही संस्था उभी राहिली आणि १९९२ मध्ये संसदेनं कायदा केला. डब्यावरचं गुटगुटीत बाळ गेलं, लोकांसमोरची जाहिरात बंद झाली. मला मात्र त्यातली वॉर्डाविषयीची कलमं मोठी वाटतात: फुकट नमुने नाहीत, रुग्णालयात पोस्टर नाही, डॉक्टर-परिचारिकांना भेटवस्तू नाही. २००३ च्या दुरुस्तीनं डॉक्टरांच्या परिषदांना कंपनीनं पैसे देण्यावरही बंदी आली. टीव्हीवरच्या जाहिरातीपेक्षा पांढऱ्या कपड्यांतल्या माणसाच्या हातून मिळालेला डबा जास्त विकतो, हे कायदा लिहिणाऱ्यांनी नेमकं ओळखलं होतं.

आता जाहिरात आईच्या फोनवर येते. रात्री दोन वाजता 'बाळ का रडतं' असं शोधणाऱ्या बाईला सल्ला हवा असतो, आणि सल्ल्याच्या रूपातली विक्री ओळखणं अवघड. दुरुस्त कायद्याच्या व्याख्येत इलेक्ट्रॉनिक माध्यमही येतं, तेव्हा कारवाईला कलम आहे. पण कायदा डबा बाजूला करतो, बाळंतिणीजवळ बसायला माणूस देत नाही. वॉर्डात दोघींच्या जागी चौघी असत्या, तर त्या कपाटातले निम्मे डबे उघडलेच नसते. कंपनीला आमचं मनुष्यबळ किती तोकडं आहे ते ठाऊक होतं. सरकारी अंदाजपत्रकात ते अजून उमटायचं आहे.