रूडी कुर्नियावान बनावट वाइन प्रकरण

रूडी कुर्नियावान बनावट वाइन प्रकरण हे अमेरिकेतील दुर्मिळ वाइनच्या व्यापारात एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात घडलेले फसवणुकीचे प्रकरण होय. मूळच्या जकार्ता (इंडोनेशिया) येथील रूडी कुर्नियावान (जन्म १९७६) याने फ्रान्समधील नामांकित उत्पादकांच्या जुन्या वाइनच्या नकली बाटल्या तयार करून त्या लिलावांत व खासगी संग्राहकांना विकल्या. डिसेंबर २०१३ मध्ये न्यूयॉर्क येथील संघीय न्यायालयात तो दोषी ठरला. बनावट वाइन विकल्याबद्दल अमेरिकेत खटला चालून दोषी ठरलेली ही पहिली व्यक्ती मानली जाते. अनेक वर्षे नामवंत जाणकारांनी या वाइनचा आस्वाद घेतला व तिची वाखाणणीही केली. प्रकरणाचा उलगडा मात्र चवीवरून न होता उत्पादकांच्या जुन्या नोंदींवरून झाला.

पार्श्वभूमी

संग्राहकांच्या दृष्टीने वाइनचे मूल्य उत्पादक, द्राक्षमळा आणि द्राक्षहंगामाचे वर्ष या तीन गोष्टींवर ठरते. फ्रान्समधील बोर्दो व बर्गंडी या प्रदेशांतील काही वाइन कित्येक दशके टिकतात. मात्र त्यांचे उत्पादन मुळातच अल्प असते. बर्गंडीतील रोमाने-काँती हा जगप्रसिद्ध मळा जेमतेम १.८ हेक्टरांचा आहे. या मळ्यातील १९४५ सालच्या वाइनच्या सुमारे सहाशेच बाटल्या भरल्या गेल्या. त्यानंतर जुने वेल उपटून नवी लागवड करण्यात आल्याने काही वर्षे या वाइनचे उत्पादनच झाले नाही.

अशा बाटल्या पिण्याइतक्याच गुंतवणूक म्हणून व प्रतिष्ठेसाठी विकत घेतल्या जातात. त्यांतील बऱ्याच वर्षानुवर्षे उघडल्याच जात नाहीत, त्यामुळे आतील द्रव्याची परीक्षा होत नाही. उघडल्या तरी तुलनेसाठी अस्सल बाटली उपलब्ध असण्याचा संभव कमी असतो. शिवाय बूच, साठवणुकीचे तापमान व आर्द्रता यांमुळे एकाच वर्षाच्या दोन अस्सल बाटल्यांच्या चवीतही फरक पडतो. ‘ही बाटली थोडी वेगळी लागते’ या शंकेला त्यामुळे सोयीस्कर उत्तर नेहमीच तयार असते. बनावटगिरीला वाव मिळतो तो येथेच.

पूर्वीचे प्रकरण : जेफरसन बाटल्या

या स्वरूपाचे गाजलेले पूर्वीचे प्रकरण हार्डी रोडेनस्टॉक या जर्मन संग्राहकाशी संबंधित आहे. पॅरिसमधील एका भिंतीआड बुजलेल्या तळघरात अठराव्या शतकातील बाटल्या सापडल्याचा दावा त्याने १९८५ मध्ये केला. त्यांवर अमेरिकेचे तिसरे राष्ट्राध्यक्ष थॉमस जेफरसन यांची आद्याक्षरे कोरलेली होती. त्यांपैकी शातो लाफितच्या १७८७ सालच्या म्हणून पुढे आलेल्या बाटलीला डिसेंबर १९८५ मध्ये लंडन येथे ख्रिस्टीजच्या लिलावात १,०५,००० पौंड किंमत मिळाली.

अमेरिकी उद्योजक बिल कोक यांनी अशा चार बाटल्या घेतल्या होत्या. २००५ मध्ये बोस्टन येथील कलासंग्रहालयात त्यांच्या संग्रहाचे प्रदर्शन भरवण्याचे ठरले, तेव्हा संग्रहालयाने बाटल्यांच्या मालकीचा पूर्वेतिहास मागितला. जेफरसन यांनी आपल्या वाइन-खरेदीच्या तपशीलवार नोंदी ठेवल्या होत्या. पण या बाटल्यांचा त्यांच्याशी संबंध दाखवणारा पुरावा मिळाला नाही. बाटल्यांवरील अक्षरे विजेवर चालणाऱ्या हत्याराने कोरली असल्याचा निष्कर्ष कोक यांनी नेमलेल्या तज्ज्ञांनी काढला. २००६ मध्ये कोक यांनी रोडेनस्टॉकविरुद्ध दिवाणी दावा दाखल केला. रोडेनस्टॉकने आरोप नाकारले. २०१८ मध्ये त्याचे निधन झाले.

कुर्नियावानचा उदय

कुर्नियावान विद्यार्थी म्हणून अमेरिकेत आला व कॅलिफोर्नियात राहू लागला. आश्रयासाठीचा त्याचा अर्ज फेटाळला गेला आणि २००३ मध्ये त्याला देश सोडण्याचा आदेश झाला. तरीही तो तेथेच राहिला. याच सुमारास तो लिलावांत प्रचंड रकमा खर्च करणारा तरुण संग्राहक म्हणून ओळखला जाऊ लागला. रोमाने-काँतीच्या वाइनविषयीच्या विशेष आवडीमुळे त्याला ‘डॉक्टर काँती’ असे टोपणनाव पडले. आपण घेतलेल्या मौल्यवान बाटल्या तो मेजवान्यांत इतरांसाठी सढळ हाताने उघडत असे. त्याच्या वाइनविषयीच्या ज्ञानाबद्दल व चव ओळखण्याच्या क्षमतेबद्दल त्याच्या परिचितांमध्ये आदर होता.

२००६ मध्ये न्यूयॉर्क येथील ॲकर मेरल अँड काँडिट या संस्थेने त्याच्या संग्रहाचे दोन लिलाव केले. जानेवारीतील लिलावात सुमारे १ कोटी ६ लाख डॉलरची, तर ऑक्टोबरमधील लिलावात सुमारे २ कोटी ४७ लाख डॉलरची विक्री झाली. एकाच विक्रेत्याच्या वाइन-लिलावाचा तो तोपर्यंतचा विक्रम होता. एवढ्या दुर्मिळ बाटल्या एकाच व्यक्तीकडे कोठून आल्या, हा प्रश्न त्या वेळी फारसा कोणी विचारला नाही.

बनावटीची पद्धत

तपासात व खटल्यात पुढे आलेल्या पुराव्यांनुसार बनावटीचे काम कुर्नियावानच्या राहत्या घरात चालत असे. मेजवान्यांत रिकाम्या झालेल्या अस्सल बाटल्या तो मागवून घेई. त्यांत भरण्यासाठी जुनी पण तुलनेने स्वस्त बर्गंडी वाइन मोठ्या प्रमाणावर विकत घेतली जाई. कॅलिफोर्नियातील वाइनचाही उपयोग मिश्रणासाठी होई. अशा काही बाटल्यांवर त्या कोणत्या जुन्या बोर्दो वाइनच्या नावाने खपवायच्या, याची टिपणे आढळली. नामांकित उत्पादकांची लेबले संगणकाच्या साह्याने छापली जात. वर्ष व उत्पादक दर्शवणारे रबरी शिक्के, जुनी बुचे, लाख आणि बूच बसवण्याचे साधन अशी सर्व सामग्री त्याच्याकडे होती.

उलगडा

२००७ मध्ये ख्रिस्टीजच्या लॉस एंजेलिस येथील लिलावासाठी कुर्नियावानने शातो ल पाँच्या १९८२ सालच्या मोठ्या बाटल्या दिल्या होत्या. त्या बनावट असल्याचे उत्पादकाने कळवल्यावर त्या मागे घेण्यात आल्या.

निर्णायक घटना एप्रिल २००८ मध्ये घडली. ॲकर मेरल अँड काँडिटच्या लिलावसूचीत बर्गंडीतील दोमेन पाँसो या उत्पादकाच्या ‘क्लो सँ-दनी’ या मळ्याच्या १९४५ ते १९७१ या काळातील बाटल्या दाखवल्या होत्या. दोमेनचे प्रमुख लोराँ पाँसो यांना या मळ्याची वाइन आपल्या घराण्याने १९८२ मध्ये प्रथमच तयार केल्याचे ठाऊक होते. सूचीत त्यांच्या दुसऱ्या एका मळ्याची १९२९ सालची बाटलीही होती. प्रत्यक्षात दोमेनने स्वतःच्या नावाने बाटल्या भरण्यास १९३४ मध्ये सुरुवात केली होती. पाँसो यांनी हरकत घेतली व ते स्वतः न्यूयॉर्कला लिलावाच्या ठिकाणी हजर झाले. त्या सर्व बाटल्या मागे घेण्यात आल्या.

या बाटल्या कोठून मिळाल्या, असे पाँसो यांनी कुर्नियावानला वारंवार विचारले. अखेर त्याने ‘पाक हेंद्रा’ एवढेच नाव व जकार्तातील दोन दूरध्वनी क्रमांक दिले. इंडोनेशियात ‘पाक’ हे पुरुषांसाठी आदरार्थी संबोधन असून हेंद्रा हे तेथे सर्रास आढळणारे नाव आहे. दिलेल्या क्रमांकांपैकी एक विमान कंपनीचा, तर दुसरा बाजारसंकुलाचा निघाला. २००९ मध्ये बिल कोक यांनीही कुर्नियावानविरुद्ध दावा दाखल केला. फेब्रुवारी २०१२ मध्ये लंडनमधील एका लिलावातील बाटल्यांचा संबंध त्याच्याशी असल्याचा आक्षेप घेतला गेला व त्यांतील अनेक मागे घेण्यात आल्या.

अटक, खटला व शिक्षा

८ मार्च २०१२ रोजी अमेरिकेच्या संघीय अन्वेषण विभागाने (एफबीआय) कुर्नियावानला कॅलिफोर्नियातील आर्केडिया येथील घरी अटक केली. खटला डिसेंबर २०१३ मध्ये चालला. लोराँ पाँसो, दोमेन द ला रोमाने-काँतीचे ओबेर द व्हिलेन व क्रिस्तोफ रूमिए या बर्गंडीतील उत्पादकांनी न्यायालयात साक्ष दिली. साऱ्या बाजारातील दोषांसाठी आपल्या अशिलाला बळीचा बकरा केले जात आहे, असा युक्तिवाद बचाव पक्षाने केला. १८ डिसेंबर रोजी ज्यूरीने त्याला बनावट वाइनची विक्री आणि कर्ज मिळवण्यासाठी वित्तसंस्थेची फसवणूक, अशा दोन्ही आरोपांत दोषी ठरवले.

७ ऑगस्ट २०१४ रोजी न्यायाधीश रिचर्ड बर्मन यांनी त्याला दहा वर्षांच्या कारावासाची शिक्षा सुनावली. बाधितांना सुमारे २ कोटी ८४ लाख डॉलर भरपाई देण्याचा व २ कोटी डॉलरच्या जप्तीचा आदेशही झाला. नोव्हेंबर २०२० मध्ये त्याची तुरुंगातून सुटका झाली व एप्रिल २०२१ मध्ये त्याला इंडोनेशियाला परत पाठवण्यात आले.

त्याच्याकडून जप्त केलेल्या बाटल्यांपैकी बनावट किंवा संशयास्पद ठरलेल्या पाचशेहून अधिक बाटल्या डिसेंबर २०१५ मध्ये टेक्सास राज्यात नष्ट करण्यात आल्या. अस्सल ठरलेल्या बाटल्यांचा बाधितांच्या भरपाईसाठी लिलाव झाला. या प्रकरणावर ‘सावर ग्रेप्स’ हा माहितीपट २०१६ मध्ये प्रदर्शित झाला.

परिणाम व पडताळणीच्या पद्धती

कुर्नियावानने विकलेल्या सर्व बाटल्यांचा माग लागलेला नाही. फसवले गेलेले संग्राहक प्रतिष्ठेपोटी किंवा आर्थिक हानी टाळण्यासाठी गप्प राहतात. काही वेळा अशी बाटली पुन्हा बाजारात येते आणि पुढील खरेदीदार फसतो. प्रत्येक नव्या विक्रीमुळे बनावट बाटलीला खोटा पूर्वेतिहास आपोआप मिळत जातो.

या प्रकरणानंतर बाटल्यांच्या शारीरिक तपासणीला महत्त्व आले. लेबलाचा कागद, छपाईची पद्धत, डिंक, बुचाची लांबी व त्यावरील शिक्का, काचेची घडण आणि तळाशी बसलेला साका यांची तुलना उत्पादकाकडील नमुन्यांशी केली जाते. कागद शुभ्र दिसावा म्हणून विसाव्या शतकाच्या मध्यापासून वापरात आलेली रसायने अतिनील प्रकाशात चमकतात. त्याआधीच्या म्हणवल्या जाणाऱ्या लेबलावर अशी चमक दिसल्यास ते नंतरचे असल्याचे कळते. सीझियम-१३७ हे किरणोत्सारी द्रव्य अणुस्फोटांनंतरच वातावरणात पसरले. त्याची तपासणी बाटली न उघडता करता येते, परंतु तिने केवळ वाइन अणुयुगापूर्वीची आहे की नाही एवढेच ठरते. नेमके वर्ष समजत नाही. अनेक उत्पादकांनी नव्या बाटल्यांवर क्रमांकित मोहरा व इलेक्ट्रॉनिक खुणा वापरण्यास सुरुवात केली आहे. जुन्या बाटल्यांना मात्र या उपायांचा लाभ होत नाही.

त्यामुळे जुन्या बाटलीच्या बाबतीत मालकीचा अखंड व पडताळता येण्याजोगा इतिहास हाच सर्वांत भक्कम पुरावा समजला जातो. ऑक्टोबर २०१८ मध्ये न्यूयॉर्क येथे सदबीजच्या लिलावात १९४५ सालच्या रोमाने-काँतीच्या एका बाटलीला ५,५८,००० डॉलर मिळाले. ती बर्गंडीतील वाइन व्यावसायिक रोबेर द्रुआँ यांच्या स्वतःच्या तळघरातून थेट आली होती.