प्रेसचा अस्त : भारोत्तोलनातील एका बाद प्रकाराचा इतिहास

भारोत्तोलनाच्या स्पर्धेत आज दोनच प्रकार आहेत. वजन जमिनीवरून एका झपाट्यात थेट डोक्यावर नेणे म्हणजे स्नॅच, आणि ते आधी खांद्यांवर घेऊन मग पायांच्या झटक्याने वर नेणे म्हणजे क्लीन अँड जर्क. १९२८ ते १९७२ या काळातील ऑलिम्पिक स्पर्धांत मात्र या दोहोंच्या आधी प्रेस नावाचा तिसरा प्रकार होत असे, आणि खेळाडूचे स्थान तिन्ही प्रकारांतील वजनांच्या बेरजेवर ठरत असे.

बळाबरोबर शैलीही मोजायची की नाही, हा प्रश्न या खेळाच्या आरंभापासूनचा आहे. १८९६ च्या अथेन्स ऑलिम्पिकमध्ये दोन हातांच्या प्रकारात डेन्मार्कचा व्हिगो जेन्सन आणि हिंदुस्थानात जन्मलेला ब्रिटनचा लॉन्सेस्टन एलियट या दोघांनीही १११.५ किलो उचलले. उचलण्याची शैली सरस म्हणून पहिले स्थान जेन्सनला मिळाले. पुढे १९२० मध्ये अँटवर्पला तीन, तर १९२४ मध्ये पॅरिसला पाच प्रकार होते. एका हाताचे प्रकार वगळून १९२८ मध्ये ॲमस्टरडॅम येथे प्रेस, स्नॅच आणि क्लीन अँड जर्क ही त्रयी स्थिर झाली.

या त्रयीत प्रेसचे काम दंड आणि खांद्यांचे निखळ बळ जोखण्याचे होते. बार खांद्यांपर्यंत आणल्यावर खेळाडूने निश्चल उभे राहायचे, पंचाची खूण होताच गुडघे न वाकवता, धड न झुकवता, केवळ हातांच्या जोरावर तो वर रेटायचा, असा नियम होता. परंतु धड किती झुकले म्हणजे उचल बाद ठरवायची, हे दाखवणारे कोणतेही मोजमाप नव्हते. निर्णय तिघा पंचांच्या नजरेवर आणि बहुमतावर सोपवलेला होता. पंचांनी थोडी सवलत दिली की तिचा लाभ घेणारे तंत्र खेळाडू सरावात घोटत, आणि सर्वांनीच ते उचलले की पंचांना एकट्यादुकट्याला बाद ठरवणे कठीण होई. अशा रीतीने कंबर पुढे ढकलून बारला पहिली गती देणे आणि लगेच पाठ मागे कलवून त्याखाली शिरणे ही प्रेसची रूढ पद्धत बनली.

हा बदल आकड्यांतही उमटला. १९२८ मध्ये सर्वांत वरच्या वजनी गटातील विजेता, जर्मनीचा योझेफ श्ट्रासबर्गर याने प्रेसमध्ये १२२.५, तर क्लीन अँड जर्कमध्ये १४२.५ किलो उचलले होते. पायांचे बळ वापरता येणारा प्रकार वरचढ असणे स्वाभाविकच होते. १९७२ च्या म्युनिक ऑलिम्पिकमध्ये सोव्हिएत संघाच्या वासिली अलेक्सेयेवने ६४० किलोंच्या बेरजेत प्रेसमध्ये २३५ आणि क्लीन अँड जर्कमध्ये २३० किलो उचलले, तर रौप्यविजेता पश्चिम जर्मनीचा रूडोल्फ मांग याचे आकडे अनुक्रमे २२५ आणि २१५ होते. विजय निश्चित झाल्यावर शेवटच्या प्रकारात जोखीम टाळली जाते, हे गृहीत धरले तरी केवळ हातांचा म्हणवला जाणारा प्रकार पायांच्या प्रकारापुढे जावा, यातच त्याचे मूळ प्रयोजन संपल्याची खूण होती. शिवाय मागे कललेल्या कण्यावर पडणाऱ्या ताणाची चिंताही व्यक्त होत होती. म्युनिकनंतर प्रेस स्पर्धेतून वगळण्यात आला.

त्यामुळे डोक्यावर वजन पेलण्याच्या बळाचा अर्थच बदलला. पूर्वी हातांनी वजन वर रेटावे लागे. आता पाय आणि कंबर त्याला वर फेकतात, खेळाडू चपळाईने त्याखाली शिरतो आणि ताठ कोपरांवर ते तोलून धरतो. वाकलेले कोपर शेवटी रेटून सरळ केले, तर आजच्या नियमांनुसार उचल बाद ठरते. प्रेस खांदे बळकट करणारा पूरक व्यायाम म्हणून सरावात टिकला आहे. ज्या कृतीला एकेकाळी गुण मिळत, तीच कृती स्पर्धेच्या मंचावर मात्र दोष मानली जाते.