17 सप्टेंबरला जन्मलेला प्रश्न

हदगावात 17 सप्टेंबरला झेंडावंदन होते ते मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनाचे. 1948 साली याच दिवशी निजामाने शरणागती पत्करली. त्याच दिवशी जेरुसलेममध्ये संयुक्त राष्ट्रांचे मध्यस्थ काउंट फोल्के बर्नादोत यांना गोळ्या घालण्यात आल्या. सरकारांनी मिळून उभी केलेली संघटना म्हणजे नेमके कोण, याचा निवाडा त्या खुनापायी झाला.

निजामाच्या हैदराबाद संस्थानातला हदगावचा मुलूखही तेव्हा संयुक्त राष्ट्रांच्याच दारात होता. ऑगस्टमध्ये निजाम सरकारने सुरक्षा परिषदेकडे भारताविरुद्ध तक्रार नेली. सनदेच्या 35 व्या कलमाप्रमाणे सभासद नसलेल्या राज्यालाही गाऱ्हाणे मांडता येते, पण मुळात ते राज्य असले पाहिजे. हैदराबाद तसे राज्य नाही, अशी भारताची बाजू रामस्वामी मुदलियार यांनी पॅरिसमध्ये मांडली. 1945 साली सॅन फ्रान्सिस्कोत भारतातर्फे सनदेवर सही करणाऱ्यांत हेच मुदलियार होते. 16 सप्टेंबरला विषय परिषदेपुढे आला, दुसऱ्या दिवशी संस्थान शरण आले आणि 22 तारखेला निजामाने तारेने तक्रार मागे घेतली. निजामाच्या पाठीराख्या रझाकारांचा जाच सोसणाऱ्या मराठवाड्याच्या रयतेला त्या दालनात खुर्ची नव्हती. तिथे बोलते ते सरकार. सरकारांच्या अशा संघटनांचे बळ त्यात आहे आणि मोठे उणेपणही त्यातच आहे, असे मला वाटते.

अशा संघटनांचे कूळ नदीकाठचे. 1815 च्या व्हिएन्ना परिषदेत ऱ्हाइनवरच्या जहाजवाहतुकीसाठी काठच्या राज्यांचा आयोग ठरला. 1865 साली पॅरिसला तारेचा संघ झाला, 1874 साली बर्नला टपालाचा. टपालसंघात ब्रिटिश हिंदुस्थान 1876 मध्ये शिरला. निजामाची तिकिटे मात्र त्याच्या हद्दीतच चालत. यांतून घडण पक्की झाली: सभासद राज्ये, पाया लेखी करार, सभा संपल्यावरही चालू राहणारे कायम कार्यालय. जिनिव्हाची रेडक्रॉस समितीही जगभर काम करते, पण ती 1863 मध्ये खासगी नागरिकांनी स्थापली, म्हणून ती या कुळातली नव्हे.

तरी एक गाठ उरली होती. संघटना ही सभासदांची नुसती बैठक, की तिला स्वतःचे हक्क आहेत? बर्नादोत संयुक्त राष्ट्रांच्या कामावर मारले गेले, मग भरपाई मागायची कोणी? आमसभेने हेगच्या न्यायालयाला विचारले. 11 एप्रिल 1949 रोजी मत आले: संघटना कायद्याच्या दृष्टीने स्वतंत्र व्यक्ती आहे. ती राज्य नाही, राज्यांहून वरचढ तर नाहीच. पण करारातून मिळालेल्या कामापुरते हक्क तिचे स्वतःचे आहेत, आणि सभासद नसलेल्या राज्यावरही ती दावा लावू शकते. ज्याच्याकडे भरपाई मागायची तो इस्रायल खुनाच्या वेळी सभासद नव्हता. 1950 मध्ये त्याने संयुक्त राष्ट्रांना भरपाई दिली.