श्यामची आई आणि आयपॅड

दापोली तालुक्यातलं पालगड हे साने गुरुजींचं गाव; शाळेसाठी ते दापोलीत राहिले. 11 जून 1950 ला गुरुजी गेले. लेखकाच्या मृत्यूनंतर 60 वर्षं, या आपल्या कायद्याप्रमाणे त्यांच्या पुस्तकांवरचा हक्क 31 डिसेंबर 2010 ला संपला आणि 'श्यामची आई' सगळ्यांची झाली. त्याच वर्षी एप्रिलमध्ये अमेरिकेत आयपॅड बाजारात आला होता.

मग काय, छापील कागद आता संपलाच, अशी हवा! फेब्रुवारी 2011 मध्ये खास आयपॅडसाठी 'द डेली' हे दैनिक निघालं. डिसेंबर 2012 मध्ये बंद पडलं. हलत्या-बोलत्या चित्रांची पुस्तकं करायला ॲपलने 2012 साली 'आयबुक्स ऑथर' फुकट दिलं. 2020 साली तेही गुंडाळलं.

यातून एकच शिकायचं: पुस्तक एका कंपनीच्या दावणीला बांधलं की तिची मर्जी फिरेपर्यंतच जगतं.

'श्यामची आई' वाचताना बोट लावलं की पालगडचा नकाशा उघडावा, अडलेल्या कोकणी शब्दाचा अर्थ नि उच्चार कळावा, हे आज सहज जमेल. फक्त ते ईपबसारख्या खुल्या प्रकारात करा, म्हणजे कुठल्याही स्वस्त टॅबवर उघडेल. मंडळी, 60 वर्षांनी मोकळं झालेलं पुस्तक आपणच परत कुलपात घालायचं का?